घराण्याचा रकाना

गेल्या महिन्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये आमच्या वधू-वर मेळाव्याच्या तयारीची बैठक होती. नोंदणीचा फॉर्म नव्याने छापायचा होता. जन्मवेळ, गोत्र, नाडी, पगार, शेती असल्यास किती एकर, असे नेहमीचे रकाने वाचून झाले आणि एका सदस्यांनी सुचवलं की आणखी एक रकाना हवा : ‘कुटुंबात कोणाला मानसिक आजार आहे किंवा होता का?’ त्यावर दीड तास वाद झाला. एक बाजू म्हणत होती, हे आजार रक्तातून येतात हे आता विज्ञानाने सिद्ध केलंय, तेव्हा लपवणं म्हणजे समोरच्याची फसवणूक. दुसरी बाजू म्हणत होती, आनुवंशिक वगैरे काही नसतं, सगळं ताणामुळे आणि संगोपनामुळे होतं, हे जनुकांचं खूळ औषधवाल्यांनी काढलंय. मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, म्हणून मधेच मला विचारलं गेलं, “मॅडम, तुम्हीच सांगा, आनुवंशिक असतं की नसतं?” हो किंवा नाही यापलीकडे काही ऐकून घ्यायची कोणाची तयारी नव्हती.

माझं म्हणणं आधीच सांगते. मानसिक आजारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, चांगला मोठा असतो. आणि तरीही तो रकाना फॉर्मवर येता कामा नये. त्या हॉलमध्ये बहुतेकांना ही दोन विधानं एकमेकांच्या विरोधात वाटली. ती तशी नाहीत. हे मला सर्वांत स्पष्टपणे समजलं ते एका माणसाच्या कामातून. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे मनोविकारतज्ज्ञ केनेथ केंडलर यांनी चाळीसहून अधिक वर्षं हाच एक प्रश्न निरनिराळ्या बाजूंनी विचारला : मनाचे आजार घराण्यात का दिसतात, आणि त्यातलं किती रक्तातून येतं?

सुरुवात त्यांनी दुसऱ्यांनी जमवलेल्या माहितीपासून केली. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांच्या सरकारी नोंदी होत्या. अमेरिकी संशोधक सीमूर केटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून त्यांवरून दाखवलं होतं की दत्तक गेलेल्या मुलाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मनोविकार, झाला, तर तशा प्रकारचे आजार त्याच्या जन्मदात्या नातेवाइकांत जास्त सापडतात, वाढवणाऱ्या घरात नाही. टीकाकारांचा आक्षेप होता की निदानंच सैल आहेत. केंडलर यांनी एका सहकाऱ्यासोबत त्याच मुलाखती नव्या, कडक निकषांनी पुन्हा तपासल्या आणि १९८४ मध्ये लिहिलं की निष्कर्ष टिकतो. पुढे आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यातली कुटुंबं, व्हर्जिनियातली हजारो जुळी भावंडं, चीनमधल्या नैराश्यग्रस्त स्त्रिया, स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदी. एवढा पसारा घालून या माणसाने आनुवंशिकता मोजली. म्हणून तिच्या मर्यादांबद्दल तो बोलतो तेव्हा त्याला वजन आहे.

“आनुवंशिक काही नसतं” म्हणणाऱ्यांना मी आधी उत्तर देते, कारण मनाने मी त्यांच्या जवळची आहे आणि त्यांची चूक मला जास्त टोचते. त्यांना वाटतं, वारसा नाकारला की रुग्णाच्या घरावरचा डाग जातो. खरंच जातो का? १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशी कल्पना मांडली. थंड, हुकमत गाजवणारी आई मुलाला वेडं करते, असं पुढची दोन-तीन दशकं जगभरच्या दवाखान्यांत मानलं गेलं. ही कल्पना पंचवटीपर्यंतही येऊन पोचली होती. माझा मामा १९७६ मध्ये बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. वाड्यातल्या विहिरीतून कोणीतरी आपलं नाव घेतंय असं त्याला ऐकू यायला लागलं. रात्री उठून तो रामकुंडावर जायचा आणि ओल्या कपड्यांनी परत येऊन दारात उभा राहायचा. ज्या डॉक्टरांकडे त्याला पहिल्यांदा नेलं, त्यांनी आजीला विचारलं, “लहानपणी याला फार मारायचात का?” आजीने त्याला एकदा मारलं होतं, दूध सांडलं म्हणून. ते एकदाचं मारणं ती मरेपर्यंत आठवत राहिली.

त्या आजीला कोणी तरी सांगायला हवं होतं की १९६६ मध्ये अमेरिकेत लेनर्ड हेस्टन यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांच्या ४७ मुलांचा माग काढला होता. जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून वेगळी झालेली ही मुलं दुसरीकडे वाढली, तरी त्यांतल्या पाच जणांना तो आजार झाला. तसल्याच परिस्थितीत वाढलेल्या, पण आई निरोगी असलेल्या ५० मुलांत एकालाही झाला नाही. आईच्या वागण्याने आजार होतो ही कल्पना अशा अभ्यासांनी खिळखिळी केली. आयांना दोषमुक्त केलं ते आनुवंशिकतेच्या संशोधनाने. ते संशोधन नाकारलं की दोष हवेत विरत नाही, पुन्हा आईच्या पदरात येऊन पडतो.

आता दुसरी बाजू. ती विज्ञानाचं नाव घेते, म्हणून तिला विज्ञानाच्याच भाषेत उत्तर द्यायला हवं. तिच्या मनातली आनुवंशिकता म्हणजे मेंडेलचे वाटाणे. ही चूक शिक्षकांकडून पसरली आणि त्यांत मीही आहे. १८६६ चे ते वाटाणे, उंच आणि खुजे, हिरवे आणि पिवळे, मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढले आणि एक गुण, एक जनुक हे गणित मुलांच्या डोक्यात पक्कं बसवलं. माणसाचे बहुतेक आजार त्या गणितात बसत नाहीत, हे सांगायला अभ्यासक्रमात तास उरत नसे. संशोधकही बराच काळ त्याच आशेवर होते. २००२ मध्ये केंडलर ज्यात होते त्या गटाने २७० आयरिश कुटुंबांचा अभ्यास करून डिसबिंडिन नावाचं जनुक स्किझोफ्रेनियाशी जोडलं. त्याचा फार गाजावाजा झाला. पुढे हजारोंच्या संख्येने रुग्ण तपासले गेले तेव्हा त्या जनुकाला आधार मिळाला नाही. नैराश्यात, मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाहून नेण्याशी संबंधित जनुकाचंही तेच. ताण आला की या जनुकाचा एक प्रकार नैराश्याचा धोका वाढवतो, असा सिद्धांत होता. २००५ मध्ये केंडलर यांनी त्या सिद्धांताला दुजोरा देणारे निष्कर्ष छापले होते. २०१९ मध्ये फार मोठ्या नमुन्यांवर तपासलं तेव्हा अशी अठरा गाजलेली जनुकं नैराश्याच्या बाबतीत इतर कुठल्याही जनुकांपेक्षा वेगळी ठरली नाहीत. जाणता माणूसही इथे फसू शकतो, आणि त्याची चूक पुढची मोजणी दाखवते. पण त्याच २००५ मध्ये त्यांनी आणखी एक निबंध लिहिला, त्यात ‘अमक्या आजाराचं जनुक’ हा शब्दप्रयोगच मनोविकारांना लागू पडत नाही असं मुद्देसूद मांडलं. स्वतःचा गट तसल्याच जनुकाच्या शोधात असताना हे लिहायला धैर्य लागतं.

ते बरोबर होते. २०१४ मध्ये जगभरच्या गटांनी मिळून ३६,९८९ रुग्णांचे जनुकीय नमुने निरोगी माणसांशी ताडून पाहिले आणि स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेल्या, गुणसूत्रांवरच्या १०८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये रुग्णांची संख्या ७६,७५५ झाली आणि जागा २८७. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी किंचित, आणि असे फरक थोड्याफार प्रमाणात तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच अंगात आहेत. काही दुर्मीळ अपवाद आहेत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असेल तर सुमारे चारांतल्या एकाला असा आजार होऊ शकतो. पण बाकी सर्वांसाठी ‘वेडाचं रक्त असलेलं घर’ आणि ‘निर्मळ घर’ अशी रेघच नाही. मग रकान्यात हो किंवा नाही लिहायचं कशाच्या आधारावर?

तरीही कोणी म्हणेल, रेघ नसेल, पण धोका जास्त तर आहे ना? आहे. आकडेच पाहू. स्किझोफ्रेनिया आयुष्यात कधी तरी होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे शंभरात एक धरतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आयर्व्हिंग गॉट्समन यांनी युरोपातल्या जुन्या अभ्यासांची जी बेरीज केली, तीत रुग्णाच्या सख्ख्या भावंडांसाठी ती शंभरात नऊच्या आसपास आणि भाच्या-पुतण्यांसाठी चारच्या आसपास येते. आता स्थळ पाहणाऱ्याच्या जागी बसा. मुलगी निरोगी आहे, तिच्या भावाला आजार आहे. तिच्या होणाऱ्या मुलांचा तो मामा. म्हणजे ती मुलं शंभरात शहाण्णव वेळा या आजारापासून दूर राहतील. शहाण्णव! टाइप २ मधुमेह एका पालकाला असेल तर मुलांना असलेला धोका याच्या कितीतरी पट असतो, आणि आपल्या नाशिकमध्ये कुठल्या फॉर्मवर मधुमेहाचा रकाना आहे? शिवाय निम्म्याहून जास्त रुग्णांच्या जवळच्या नात्यात हा आजार कोणालाच नसतो. रकाना ज्यांना अडवेल ते बहुतेक निरोगी, आणि ज्यांना पुढे आजार होईल ते बहुतेक रकान्यातून सुखरूप पार.

माझ्या मावशीचं लग्न सुपारी फुटल्यावर मोडलं. मुलाकडच्यांना मामाबद्दल कळलं होतं. ती आज चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला आयुष्यात कधी मनाच्या आजाराची एक गोळी लागली नाही. तिचं लग्न मात्र पुढे जमलंच नाही.

केंडलर यांचा १९९५ चा एक अभ्यास मी दोन्ही बाजूंना वाचून दाखवला असता, वेळ दिला असता तर. दोन हजारांहून जास्त जुळ्या स्त्रिया. जवळच्या माणसाचा मृत्यू, मारहाण, संसारातली गंभीर भांडणं, फारकत, असे आघात झाले त्या महिन्यात नैराश्याचा झटका येण्याची शक्यता त्यांनी मोजली. जिची हुबेहूब जुळी, म्हणजे जनुकं तीच असलेली, बहीण निरोगी, म्हणून जिच्यावर वारशाचं ओझं सर्वांत कमी, तिला आघात नसताना ही शक्यता महिन्याला ०.५ टक्के आणि आघात झाला तर ६.२ टक्के. जिच्या हुबेहूब जुळीला नैराश्य झालेलं, तिला आघात नसताना १.१ आणि आघात झाल्यावर १४.६. हे चार आकडे नीट पाहा. वारशाचं ओझं जास्त, पण दिवस शांत, तर १.१. वारसा हलका, पण घरात मारहाण, तर ६.२. जनुकं की परिस्थिती, असा तराजू धरून बसलेल्यांना या आकड्यांत जागाच नाही. ओझं असलेल्यांना आघात जास्त खोल लागतो, आणि आघातच टळला तर ते ओझं बरंचसं निजून राहतं.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागाइतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉम्पसन या द्राक्षवाणाची काडी कलम करून दोन भावांनी एकाच वर्षी बाग लावली, काड्या एकाच वेलीच्या. जनुकांनी सगळे वेल हुबेहूब जुळे. एकाची ऑक्टोबर छाटणी आठ दिवस पुढे गेली, फुलोऱ्यात पाऊस सापडला, डाऊनी बुरशीने घड गेले; दुसऱ्याचा माल निर्यातीला निघाला. म्हणून वाणाला काही अर्थ नाही असं कोणी म्हणत नाही. थॉम्पसनला काळे मणी लागत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि वाण तोच म्हणून भावाची बागही जाणारच, असंही कोणी म्हणत नाही. वेलीच्या बाबतीत जी समज आपल्याला उपजत आहे, ती पोरीबाळींच्या बाबतीत कुठे जाते?

रकान्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र विज्ञानाचा नाहीच, न्यायाचा आहे. बैठकीत एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, “माझ्या पुतणीला काही न सांगता दिलं. लग्न लावून दिलं की मुलगा सुधारेल म्हणाले. तिचं काय झालं ते मी पाहिलंय.” हॉल गप्प झाला, मीही गप्प झाले. ‘लग्न झालं की सुधारेल’ या एका वाक्याने महाराष्ट्रात किती मुलींची माती केली असेल! त्या काकूंचा राग शंभर टक्के खरा आहे. पण तो राग लपवलेल्या आजारी नवऱ्याबद्दल आहे, नवऱ्याच्या मामाबद्दल नाही. कायद्यालाही हा फरक कळतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातली मनोविकाराची अट लग्न करणाऱ्या व्यक्तीबद्दल आहे, आणि फसवून संमती मिळवल्याची तक्रारही त्या व्यक्तीविषयीच्या महत्त्वाच्या गोष्टीबद्दल करता येते. ज्याच्याशी संसार करायचा त्याची प्रकृती, त्याचे उपचार जाणून घेण्याचा हक्क पूर्ण आहे. तो हक्क खेचत खेचत आत्या, चुलता, आजोबांपर्यंत नेला की तो हक्क राहत नाही, घराण्याची झडती होते.

अशी झडती एका देशाने सरकारी पातळीवर घेऊन पाहिली आहे. १४ जुलै १९३३ ला जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्याच्यामागे अर्न्स्ट रूडिन हे नामवंत मनोविकारतज्ज्ञ होते. सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. पुढे १९३९ पासून रुग्णालयांतले रुग्ण मारलेही गेले. रूडिन यांच्याच १९१६ च्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया मेंडेलच्या साध्या गणितात बसत नव्हता, हे इथे विसरू नये. केंडलर यांनी १९९६ मध्ये त्या जुन्या अभ्यासाचं इंग्रजी परीक्षण लिहिलं ते रूडिन यांच्याच मुलीसोबत. आकडे एक सांगत होते, माणसाने केलं दुसरंच. आणि एवढं करून हाती काय आलं? युद्धानंतर जर्मनीत नव्या रुग्णांचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही, उलट अपेक्षेपेक्षा जास्तच दिसलं. रुग्णांची एक अख्खी पिढी पुसून टाकूनही आजार पुसला गेला नाही. मेळाव्याचा फॉर्म आणि तो कायदा एका मापाचे आहेत असं मला म्हणायचं नाही, तशी तुलना करणं हा मेलेल्यांचा अपमान होईल. पण ‘वाईट रक्त वेगळं काढलं की समाज स्वच्छ होईल’ हा हिशेब दोन्हीकडे तोच आहे, आणि तो हिशेब म्हणूनही चुकलेला आहे.

आपल्याकडचा जवळचा दाखला महारोगाचा. नॉर्वेतले त्या काळचे मोठे तज्ज्ञ डॅनियलसेन यांनीही तो आनुवंशिक मानला होता. १८७३ मध्ये हॅन्सन यांनी जंतू दाखवला आणि वारशाची कल्पना कोसळली. तरी आपल्या गावांत महारोग्याच्या घरी सोयरीक होत नव्हती ती नव्हतीच. महारोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यांतून निघायला २०१९ उजाडलं. तिथे वारसा खोटा होता, इथे तो खरा आहे, हा फरक मी मान्य करते. पण त्या घरांची आयुष्यं जनुकाने किंवा जंतूने जेवढी नासली नाहीत, तेवढी लोकांच्या खात्रीने नासली.

रकान्याचा खरा धोका मला वेगळाच दिसतो. तो कोणी खरा भरणार नाही, आणि ‘नाही’ लिहिता यावं म्हणून माणसं दवाखाना टाळतील. आजच काय चित्र आहे? नाशिकमधली माणसं मनोविकारतज्ज्ञाकडे जायला ठाणं-पुणं गाठतात, कारण इथे कॉलेज रोडवर कोणीतरी ओळखेल. तिथल्या बाकावरही मुलीच्या तोंडावर ओढणी असते. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला. आपल्या जिल्ह्यात त्यांतलं एकही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले. स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकृतीच्या आजारात पहिल्या लक्षणापासून औषधापर्यंतचे महिने जेवढे लांबतात, तेवढं सुधारणं कठीण होतं. बहिणीचं लग्न होईपर्यंत भावाला डॉक्टरकडे नेऊ नका, असा सल्ला मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. तो रकाना छापला की हा सल्ला घरोघरी पाळला जाईल.

एक आक्षेप थोडक्यात. जनुकांवर एवढा पैसा ओतून औषध कुठलं निघालं? फारसं नाही. १९५२ च्या सुमारास क्लोरप्रोमझिन हे मनोविकृतीवरचं औषध आलं ते जनुकं न पाहताच. जिल्ह्यात समुपदेशक हवा की प्रयोगशाळा, असं विचाराल तर आज मी समुपदेशकच मागेन. पण घर सावरलं तर वारसाही सावरतो, याचा पुरावाही याच संशोधनाने दिला आहे. २०२० मध्ये केंडलर आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी अशी सख्खी भावंडं शोधली, ज्यांच्या जन्मदात्या पालकांत नैराश्यासारखे आजार होते. एक भावंड घरी वाढलं, दुसरं निवडून-पारखून घेतलेल्या दत्तक घरी. दत्तक घरी वाढलेल्याला नैराश्याचा धोका २३ टक्क्यांनी कमी निघाला. त्या दत्तक घरातच नैराश्य आलं, मृत्यू किंवा घटस्फोटाने घर मोडलं, तर तो फायदा नाहीसा झाला.

रक्तातून विधिलिखित येतं ही समजूत आपल्याला नवी नाही. आजीने मामाला त्र्यंबकेश्वरला नेलं होतं. पूर्वजांपैकी कोणी नाग मारला असेल म्हणून तीन दिवसांचा नारायण-नागबळी केला. त्याबद्दल मी तिला नावं ठेवणार नाही. तिला कोणी दुसरी वाट दाखवली नव्हती, आणि त्या तीन दिवसांनी तिला धीर दिला हे मी पाहिलं आहे. पण आता फोनवर जाहिराती येतात : लाळेचा नमुना पाठवा, मुलाला नैराश्य होईल का ते जाणून घ्या. या क्षेत्रातल्या संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटनाच सांगते की अशा चाचणीने निदान होत नाही. शिवाय ज्या नमुन्यांवरून हे अंदाज बांधतात ते बहुतांश युरोपीय वंशाच्या माणसांचे. आपल्यावर ते आणखी कच्चे ठरतात. नागाच्या शापाला निदान विधी तरी होता. जनुकाचा शाप म्हणून एकदा घराला चिकटवला, तर तो काढणार कोण?

आजी शेवटी सावरली ती दुसऱ्या एका डॉक्टरांमुळे आणि गोळ्यांमुळे. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असे. मामाने गोळी घेतली की त्या तारखेच्या चौकोनात ती पेन्सिलीने टिंब द्यायची, थुंकून टाकली तर फुली. शेवटच्या वर्षांतल्या पानांवर महिनेच्या महिने नुसती टिंबं आहेत. त्याच वर्षांत मामा मेनरोडवरच्या एका कापड दुकानात हिशेब लिहायला जात होता.

बैठकीला मी लेखी कळवलं आहे की तो रकाना काढावा आणि त्याजागी फॉर्मच्या मागे दोन ओळी छापाव्यात : मुला-मुलींनी पहिल्या दोन भेटींत स्वतःच्या प्रकृतीबद्दल आणि चालू उपचारांबद्दल एकमेकांशी समोरासमोर बोलावं, आणि विचारायचं असेल तर ‘तुमच्यात कोणाला होतं का?’ असं न विचारता ‘त्रास झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारावं. खाली टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. त्या काकूंनी माझ्या पत्रावर सही केली आहे. पुढची बैठक येत्या रविवारी आहे. फॉर्म अजून छापायला गेलेला नाही.